कुंडीतला वाफसा

टोमॅटोचं ते झाड मेलं तेव्हा मला वाटलं, पाणी कमी पडलं. आठवडाभर त्याची पानं मान टाकून होती आणि मान टाकलेलं झाड म्हणजे तहानलेलं झाड, एवढंच मला ठाऊक. म्हणून सकाळी एक झारी आणि ऑफिसातून आल्यावर आणखी एक. शेवटी खोडही तपकिरी पडलं तेव्हा कुंडी उपडी केली. साच्यातून काढावा तसा मातीचा अख्खा गोळा बाहेर आला. वरची बोटभर माती कोरडी, त्याखालची दमट आणि तळाचा तिसरा हिस्सा म्हणजे निव्वळ काळा चिखल. वास गटाराचा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल हातात आली आणि आत पांढरा दोरा तेवढा राहिला. सगळ्यात खाली होता मी मोठ्या विश्वासाने घातलेला खड्यांचा थर. निचरा व्हावा म्हणून!

आई बाजूला उभी होती. तिचं बालपण शेतात गेलंय, पण मला बागकामात सल्ला द्यायचा नाही हे तिने ठरवलेलं होतं, कारण मी ऐकत नाही. त्या दिवशी मात्र तिने गोळ्यात बोट खुपसलं, हुंगलं आणि म्हणाली, "अगं, ह्याला वाफसा मिळालाच नाही कधी."

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाऊस उघडला की लगेच शेतात उतरायचं नाही, वाफसा येऊ द्यायचा. मला वाटायचं, वाफसा म्हणजे जमीन सुकणं. तसं नाही. मातीच्या बारीक पोकळ्यांमध्ये पाणी आहे आणि मोठ्या पोकळ्यांमध्ये हवा आहे, अशी जी मधली अवस्था असते, तो वाफसा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी वर ओढू शकत नाहीत. त्यामुळे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मान टाकतं आणि आपण झारी घेऊन धावतो.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरुवात सहा कुंड्यांपासून झाली होती आणि त्या सहांच्या बाबतीत चुकण्यासारखं जे जे होतं ते सगळं मी केलं होतं. कुंड्या आठ इंची, म्हणजे टोमॅटोच्या मानाने फारच लहान. माती अंगणातली, उकरून भरलेली. जमिनीत तीच माती चांगली असते, कारण तिच्यात गांडुळं असतात, खाली खोली असते, पाण्याला जायला वाट असते. कुंडीत तिला वरून रोज पाण्याचा मार बसतो, ती दबत जाते आणि दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते.

खड्यांचं कोडं मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हतं. खाली खडे असले तर पाणी लवकर वाहून जायला हवं ना? ते कळलं भांडी घासायच्या स्पंजमुळे. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरायचा. थोडं पाणी गळतं आणि थांबतं. आता तोच स्पंज न पिळता उभा करायचा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. स्पंजच्या तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो आणि त्या थराची जाडी स्पंज किती उंच आहे यावर अवलंबून नसते. कुंडीचंही तसंच. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरची माती ठिबकेपर्यंत भरल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे खडे घालून मी पाण्याचा तो थर दोन इंच वर, थेट मुळांच्या गळ्याशी आणून ठेवला होता. खडे काढले, भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवला आणि तळापासून माती भरली. उथळ पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी का बरी, याचं उत्तरही त्या स्पंजातच होतं.

दुसऱ्या खेपेला माती बदलली. कोकोपीटची ५ किलोची वीट आणली. पाण्यात टाकली की ती फुगून ७० लिटरच्या आसपास भुसा होतो. घमेलं पुरणार नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भुसा बादलीतून उतू जाऊन बाल्कनीभर झाला. कोकोपीट नारळाच्या सोडणाचं असतं आणि त्यात बरेचदा मीठ उरलेलं असतं, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून काढावं लागतं. पहिलं पाणी चहासारखं निघतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण जवळजवळ काहीच नसतं, ते फक्त पाणी आणि हवा धरून ठेवतं. खायला घालायचं काम खताचं. मी तीन भाग कोकोपीट, तीन भाग कंपोस्ट, एक भाग माती आणि एक भाग जाडसर वाळू असं मिश्रण केलं, वर मूठभर निंबोळी पेंड. हे प्रमाण काही देवाने सांगितलेलं नाही. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटावा, एवढं जमलं की झालं. आईने गोळा दाबून, फोडून बघितला आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे पसंत.

पण कंपोस्टने घात केला. ते घरचंच होतं, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं. पहिल्या डब्यात मी नुसता ओला कचरा भरला होता. त्याला असा वास सुटला की नवऱ्याने डब्याची हद्दपारी मागितली. मग वाळली पानं मिसळायला लागले. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त, आणि नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असला की कुजणं नीट चालतं. घरी हे मोजणार कोण? एक भांडं ओलं, दोन भांडी वाळलेलं, हा माझा हिशोब. वास थांबला, डबा तापला, मी खूश झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात खत म्हणून वापरून मोकळी झाले. पानांचे तुकडे त्यात अजून ओळखू येत होते. मिरचीची रोपं लावली आणि पंधरा दिवसांत त्यांची खालची पानं पिवळी. कुजायचं काम अजून चालूच होतं. ते काम करणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खात होते, रोपांच्या वाट्याला काही येत नव्हतं. आता मी तयार वाटणारं मूठभर खत ओलसर करून पिशवीत बंद करते आणि चार-पाच दिवसांनी हुंगते. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर वापरायचं. आंबूस आला तर परत डब्यात. एकूण तीन-चार महिने लागतातच.

सगळं बाजूला ठेवून आधी ऊन मोजायला हवं होतं, ते मी सगळ्यात शेवटी केलं. एका रविवारी खडू घेऊन बसले आणि बाल्कनीच्या फरशीवर दर तासाला उन्हाची कड आखली. जिथे टोमॅटो ठेवला होता तिथे दिवसभरात साडेतीन तास ऊन. फळभाजीला सहा ते आठ तास लागतं. तीन-चार तासांत पालेभाजी खुशाल येते, पण टोमॅटो नुसताच उंच होत राहतो, उन्हाच्या शोधात. मग बाल्कनी पालेभाज्यांना दिली आणि टोमॅटो, मिरची, वांगी गच्चीवर नेली. ही अदलाबदल अर्ध्या दिवसात झाली आणि वर्षभरातल्या कुठल्याही खतापेक्षा तिचाच फरक जास्त पडला.

पालेभाज्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, त्या गुणी असतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांना सहा-आठ इंच खोली पुरते. एवढंच की धण्याचा एक दाणा म्हणजे प्रत्यक्षात दोन बिया असतात. वाटीच्या बुडाने हलकेच रगडून त्याची दोन फाकं करायची, चुरा नाही. मी पहिल्यांदा इतक्या जोरात रगडलं की पेरणीऐवजी धणेपूड झाली. कोथिंबिरीचं रोप उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नये. तिचं सोटमूळ दुखावलं की ती रुसते, आणि उन्हाळा चढला की पानं सोडून फुलावर जाते. त्याला इलाज नाही. थोडी थोडी, दर पंधरा दिवसांनी पेरत राहायचं.

मला सगळ्यात जड गेली ती विरळणी. ट्रेमध्ये टोमॅटोच्या चाळीस बिया टाकल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या उगवल्या. एका खाचेत तीन-तीन रोपं. त्यातलं एक ठेवून बाकीची कापून टाकायची. मी टाळत राहिले. दाटीवाटीत, ओल्या मातीत, वारा नाही, मग एका सकाळी बघते तर निम्मी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. कोणी दोऱ्याने आवळावीत तशी. रोपं कोलमडण्याचा हा रोग मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही. तिथून पुढे मी रोपांना वरून पाणी द्यायचं सोडलं. ट्रेच पाण्याच्या ताटात ठेवायचा, खालून ओल चढली की उचलायचा. आणि कात्री घेऊन विरळणी. उपटायचं नाही, कारण शेजारच्याचं मूळ हलतं. लेकीने कापलेल्या रोपांचं एक छोटं स्मशान केलं होतं ट्रेशेजारी. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि माझ्याकडे खुनी माणसाकडे बघावं तशी बघायची.

आता पाण्याबद्दल. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण मोठ्या कुंडीत तळाला काय चाललंय ते बोटाला कळत नाही. माझा पहिला टोमॅटो वरून कोरडाच तर होता. म्हणून मी कुंडी उचलून बघायला लागले. बारा लिटरची एक कुंडी घरातल्या वजनकाट्यावर ठेवली. भरपूर पाणी घालून निथळल्यावर नऊ किलो. दोन दिवसांनी, पानं जराशी मलूल व्हायच्या बेतात असताना, साडेपाच. म्हणजे साडेतीन लिटर पाणी आलं आणि गेलं. हे दोन वजनांचे टोक एकदा हाताला कळले की काटा लागत नाही. वीस लिटरच्या कुंड्या उचलवत नाहीत, त्या काठाला धरून जराशा कलत्या केल्या तरी हात सांगतो. जड असेल तर झारी परत. हलकी असेल तर खालून पाणी येईपर्यंत घालायचं, चहाच्या कपाने शिंपडल्यासारखं नाही. आणि खाली ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्यायचं.

याची उलटी बाजूही एकदा अनुभवली. चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर कुंड्या कापसासारख्या हलक्या. घाईघाईने पाणी घातलं, खालून लगेच धार लागली. वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी झाडं तशीच. पार वाळल्यावर मिश्रण आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. मधला गोळा कोरडाच. तेव्हा कुंडी टबातल्या पाण्यात अर्धा तास बसवायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

टोमॅटोने या चार दिवसांचा वचपा तीन आठवड्यांनी काढला. लिंबाएवढी झालेली हिरवी फळं, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला काळा, खोलगट, चामड्यासारखा चट्टा. मला वाटलं कीड. औषध आणायला निघालेच होते. पण कीड नव्हती, बुरशीही नव्हती. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नव्हतं. ऐकल्याबरोबर मी अंड्यांची टरफलं कुटून घातली, जशी सगळे घालतात. टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात आणि मुळात मातीत कॅल्शियम कमी नव्हतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जातं पानांकडे, कारण पानांतून बाष्प उडत असतं. फळातून फारसं उडत नाही. पाणी एक दिवस धो धो आणि दोन दिवस नाही, असं झालं की फळाच्या शेवटच्या टोकाचा वाटा पहिल्यांदा कापला जातो. डागाळलेली फळं काढून टाकली, कुंडीत वर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन घातलं आणि पाण्याची वेळ पाळली. पुढच्या घोसाला एकही चट्टा नाही. कुटलेली टरफलं अजून त्या कुंडीत दिसतात.

त्याच झाडावर पुढे कडक उन्हाळ्यात फुलं यायची आणि गळून जायची. तेव्हा मी पोटॅश, ताक, काय काय दिलं! दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या वर आणि रात्री उकाडा असला की टोमॅटोचे परागच निकामी होतात. सावलीची जाळी बांधली, थोडा फरक पडला. खरा फरक हवा बदलल्यावर पडला. त्या दिवसांत फुलाच्या घोसाला सकाळी टिचकी मारायची सवय लागली, ती अजून आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त ते हलायला हवं, आणि बंदिस्त गच्चीवर वारा नसतो.

वेलांची गंमत निराळी. काकडीला पहिले दहा-बारा दिवस नुसती फुलं आणि एक फळ नाही, म्हणून मी वेल उपटायला निघाले होते. आधी नर फुलं येतात, मग मादी, आणि मादी फुलाच्या मागे बोटभर काकडी आधीपासूनच असते. ब्रशने पराग लावले की झालं. दुधीला मात्र मी रोज सकाळी ब्रश घेऊन जायचे आणि मादी फूल प्रत्येक वेळी मिटून सुकलेलं. तीन फुलं वाया गेली. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचं गिऱ्हाईक पतंग. हे कळल्यावर मी दिवेलागणीला वर गेले. मोबाइलच्या उजेडात, एका हाताने पान बाजूला धरून नर फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि त्याचा परागाचा गोंडा मादी फुलाच्या मधोमध तीन-चार वेळा टेकवला. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून विचारत होत्या, "काय शोधतेस गं अंधारात?" काय सांगणार! पाचव्या दिवशी ती दुधी अंगठ्यावरून मनगटाएवढी झाली होती.

दुसऱ्या वर्षी गादीवाफ्याची हौस आली. चार फूट बाय आठ फूट, एक फूट उंच, गच्चीच्या मधोमध, असं चित्र कागदावर काढलं. मग आकडेमोड केली आणि घाबरले. बत्तीस घनफूट म्हणजे ९०० लिटर. साधी माती भरून ती पाण्याने भिजली तर दीड टनाच्या आसपास, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. नुसत्या कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण घेतलं तरी ओलं झाल्यावर ते पाणीच असतं, लिटरला किलोच्या जवळ. गच्ची हे कायम पेलेल की नाही, हा प्रश्न बांधकामाच्या इंजिनिअरला विचारायचा असतो, बागकाम करणाऱ्याला नाही. आमच्या इंजिनिअरने नकाशा बघून सरळ नाही म्हटलं. कुंड्या ठेवा, त्याही कडेने, तुळईच्या रेषेवर, मध्ये गर्दी नको. मग वाफा घरामागच्या काँक्रीटच्या पट्टीवर गेला, जिथे जमिनीला वजनाचं काही नव्हतं.

वाफ्याच्या कडांना लाकूड जुन्या पॅलेटचं मिळालं, म्हणजे माल रचायला खाली ठेवतात त्या लाकडी चौकटीचं. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो, तो वाचून घ्यावा. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते मी बाजूला काढलं. रेल्वेचे जुने स्लीपर कोणीतरी फुकट देत होतं, तेही नको म्हटलं, त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते विषारी तेल, पाजलेलं असतं. भाजी लावायची तर तिथे कंजुषी नको.

माझी मोठी चूक रुंदीत झाली. वाफा दोन्ही बाजूंनी पोचता येईल असा असेल तर चार फूट चालतो, कारण हात दोन फूट पोचतो. मी तो भिंतीला टेकवून तीन फूट केला. मागचा एक फूट कोणाच्याच हाताला येत नाही. खुरपायला जायचं तर पाय वाफ्यात ठेवावा लागतो, आणि पाय ठेवला की माती दबली. वाफा करायचा कशाला मग? दोन महिने कसरत केल्यावर त्या मागच्या पट्टीत चवळीचे वेल लावले आणि भिंतीवर जाळी ठोकली. शेंगा डोळ्यांसमोर लटकतात, वाकावं लागत नाही. या चुकीतून निघालेली सोय इतकी बरी आहे की पुढच्या वाफ्यातही हेच करीन.

भरताना खालचे चार इंच वाळक्या फांद्या, पानं, पुठ्ठा, आणि वर मिश्रण. खत वाचतं, पण हे सगळं पुढे कुजून बसतं. वर्षभरात बारा इंचांचे आठ झाले. दर हंगामाला वरून दोन-तीन बोटं खत घालावं लागतं, हे धरूनच चालायचं. पाण्याच्या बाबतीत मात्र वाफा फार समजूतदार. कुंड्या उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा मागतात, वाफा दोन दिवसाआड दिलं तरी कुरकुरत नाही. चुकलेला एखादा दिवस तो सांभाळून घेतो. कुंडी नाही घेत. तो उचलून मात्र बघता येत नाही, तिथे आईसारखं माती मुठीत धरून बघावं लागतं. दाबली तर गोळा, टोचला तर फुटला. वाफसा.

किडीचं सांगायचं तर मावा सगळ्यांकडे येतो. माझ्याकडे आधी मुंग्या आल्या. चवळीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली तेव्हा वाटलं, मुंग्या झाड खातायत. त्या माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून, तीन दिवस सलग, एवढ्यावर बराच मावा जातो. मी कडुनिंबाचं तेलही मारलं, लिटरला ५ मिली, जरा साबण घालून, आणि भर दुपारी. चोवीस तासांत पानांवर भाजल्याचे डाग. ते संध्याकाळी मारायचं असतं, ऊन उतरल्यावर.

त्याहून मोठा गुन्हा वेगळाच. माव्याबरोबर पानांवर काळपट, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडे फिरत होते. दिसायला इतके दुष्ट की मी रोज चिमट्याने पकडून चिरडत होते. आठवडाभर. मग लेकीने एक काचेच्या बरणीत ठेवला, पान आणि मावा घालून. तो दिवसभर मावा खात सुटला, मग बरणीच्या भिंतीला चिकटून बसला, आणि काही दिवसांनी त्या कोषातून लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा बाहेर आला. ज्याचं चित्र तिच्या दप्तरावर आहे तोच. तिने माझ्याकडे पुन्हा एकदा त्याच नजरेने बघितलं.

एका वहीत मी काय काय निघालं ते लिहिते. दुसऱ्या वर्षी टोमॅटो अकरा किलो, चार झाडांचे. मिरच्या मोजायच्या सोडून दिल्या. दुधी सात. गाजरं बावीस लावली, सरळ निघाली तीन, बाकीची पाय फुटलेली, कारण वाफ्यातल्या मिश्रणात न चाळलेले खडे होते. फ्लॉवरला शून्य. त्याची जागा अडवायची ताकद आणि मिळणारा गड्डा याचं गणित मला पटलं नाही, परत लावणार नाही.

मागच्या महिन्यात वाफ्यातला एक टोमॅटो दुपारी मान टाकायला लागला. संध्याकाळी सावरायचा, दुसऱ्या दुपारी परत तेच. माती मुठीत धरली, वाफसा अगदी बरोबर. या वेळी झारीला हात लावला नाही. झाड उपटलं. मुळं कुजलेली नव्हती, पण त्यांच्यावर गाठी होत्या, मण्यांच्या माळेसारख्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. कुठल्या तरी रोपाबरोबर आले की मी घातलेल्या त्या एक भाग मातीतून, कळायला मार्ग नाही. आईने मूळ हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "बाकीची?" बाकीची तीनही तशीच होती.

वाफा रिकामा केला. मुळं कंपोस्टच्या डब्यात न टाकता बंद पिशवीतून कचऱ्यात दिली. माती चांगली भिजवली आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबल्या. काळं नाही, पारदर्शक, म्हणजे ऊन आत शिरून माती तापते. कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवायचं. त्यानंतर त्या जागी एक हंगाम झेंडू दाट लावणार आहे, आणि टोमॅटो, वांगी, मिरची तिथे पुढची दोन वर्षं नाही. भिंतीलगतच्या चवळीलाही या गाठी होतात, म्हणून तीही काढावी लागली, शेंगा लागलेल्या असताना.

सध्या सकाळी तिकडे गेलं की प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतात. लेक बोटाने टिचकी मारून ते खाली पाडते. मी गच्चीवर जाऊन कुंड्या कलत्या करून बघते. आज वांग्याची हलकी लागली.